कडी

दोंडाईच्यात मिरची उतरायला लागली
की माझ्या दुकानातले लॅपटॉप शिंकू लागतात.
पंख्याच्या पात्यांवर तांबडी पूड साचते,
ब्रशनं झाडताना माझेच डोळे वाहतात,
आणि गिऱ्हाईक घाबरून विचारतं,
एवढं वाईट झालंय का याचं?

माणसं यंत्र टेबलावर ठेवतात
आणि मी विचारायच्या आत पासवर्ड सांगून टाकतात.
मोठ्यानं. रिक्षा स्टँडला ऐकू जाईल असा.
थोरलीचं नाव, पुढं एक दोन तीन.
ट्रॅक्टरचा नंबर.
भटूआप्पांचा मेलेल्या बैलाच्या नावावर आहे,
तो सांगताना त्यांचा आवाज जरा खाली येतो.
गावात गुप्त म्हणून उरलंय ते एवढंच.

मी बोलत राहतो, सवय आहे.
मिरचीचा भाव दाखवणाऱ्या ॲपला
तुमच्या मामेभावाचा नंबर कशाला लागतो?
टॉर्चला कशाला कळायला हवं
तुम्ही रात्री कुठल्या गल्लीत होतात?
आठवतं का, लिलावात व्यापारी
रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायचे,
आणि ज्याचा माल, तो बापडा
रुमालाच्या हालचालीकडं बघत उभा असायचा?
तो रुमाल गेला म्हणता?
फक्त मोठा झालाय.
आपण सगळे त्याच्या बाहेर उभे आहोत.

आप्पा तंबाखू मळत हसतात.
“तुले काय लपाडनं शे रे भो?”
मी म्हणतो, तुमच्या न्हाणीला कडी आहे ना?
आत काय चोरी करता?
“कडी तं मोडेल शे,” आप्पा म्हणतात,
“मी खोकस.”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.
अजून नाही.

जुन्या मशीनवर मी हौसेनं लिनक्स टाकून देतो,
चौथ्या दिवशी माणूस परत:
भाऊ, ते पहिलंच बरं होतं.
माझ्या स्वतःच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी आहे,
आणि दुकानाचा क्यूआर कोड मात्र
भिंतीवर देवाशेजारी. हार दोघांनाही.

मग हर्षाली आली, दुपारी, गर्दी नसताना.
म्हणाली, सगळं पुसून द्या.
पुसण्याआधी पडद्यावर क्षणभर काही दिसलं.
काय ते इथं लिहिणार नाही.
तुम्हीही विचारू नका.

पुसलं म्हणजे काय, हे मी कुणालाच नीट सांगत नाही.
पाटीवरची अक्षरं ओल्या बोटानं जातात
पण उन्हात तिरकी धरली की दिसतात, तसंच हे.
म्हणून मी वर शून्यं लिहिली. परत लिहिली.
दीड तास लागला, पैसे रिसेटचेच घेतले.

आठवड्यानं तिचा दीर आला, तोच फोन घेऊन.
ती बाहेर मोटारसायकलशेजारी उभी,
रुमालानं नाक झाकून, मिरचीमुळं असेल.
“यातलं जुनं परत येतं ना? तुम्हाला येतं म्हणतात सगळे.”

यंत्र खोटं बोलत नाही, असं मी पंधरा वर्षं सांगत आलोय.
मी वायर जोडली. वेळ काढला.
काळ्या पडद्यावर हिरव्या ओळी सोडल्या,
त्यांचा कशाशी काही संबंध नव्हता.
काही येत नाही, म्हणालो.
हे खरं होतं. तरी खोटं बोलल्यासारखा घाम आला,
कारण आलं असतं, तरी मी हेच म्हणालो असतो.

ते गेल्यावर आठवलं:
फोन रिकामा आहे, पण एक प्रत दूर कुठंतरी असेलच,
गारठवलेल्या खोलीत, माणूस नसलेल्या,
जिथं माझी शून्यं पोचत नाहीत
आणि कुणाच्या दिराला विचारायला
दुकानाची पायरी चढावी लागत नाही.

बाहेर मिरचीची पोती उतरत होती.
ती मोटारसायकलवर बसताना
मी दारात उभा होतो, आणि खोकलो.
धुळीमुळंच.
तिनं मागं वळून पाहिलं नाही,
पण रुमाल खाली घेतला.